डगमगणारा पलंग, झुकलेली आलमारी : जोडणीच्या फर्निचरची घरगुती दुरुस्ती

खोक्यातून सुट्या फळ्या, स्क्रूंची पिशवी, एक ॲलन की आणि चित्रांचा कागद एवढेच येते आणि तासा-दोन तासांत घरात पलंग किंवा कपड्यांची आलमारी उभी राहते. असे जोडणीचे फर्निचर आता गोंदिया शहरापुरते राहिलेले नाही. आमगाव, देवरी, अर्जुनी मोरगावच्या घरांतही ते दिसते. मात्र वर्ष-दोन वर्षांत पलंग कुरकुरू लागतो, आलमारी एका अंगाला झुकते, तिची दारे एकमेकांवर चढतात. अशा वेळी घरातला कोणीतरी पेचकस घेऊन दिसेल तो स्क्रू ताकदीने आवळतो. आठवडाभर बरे वाटते आणि मग डगमग आधीपेक्षा वाढते. याचे कारण फळीच्या जातीत आहे.

गोंदिया हा सागाच्या जंगलांचा मुलूख. इथल्या सुताराने केलेला जुना सागवानी पलंग साल आणि कुसू यांच्या सांध्यावर उभा असतो: एका लाकडात खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारी जीभ, म्हणजे लाकडात लाकूड अडकलेले. तो सैल झाला तर पाचर ठोकून पुन्हा घट्ट करता येतो. जोडणीच्या फर्निचरची फळी बहुधा पार्टिकल बोर्डची असते. लाकडाचा भुसा आणि बारीक चिपा रेझिनमध्ये कालवून, उष्णतेने व दाबाने थापलेली ती वडीच म्हणावी. साध्या बोर्डसाठी भारतीय मानक आयएस ३०८७ आहे आणि दोन्ही बाजूंना सनमायकासारखा थर चढवलेल्या बोर्डसाठी आयएस १२८२३. या बोर्डात लाकडाचे सलग तंतू नसतात. फळीच्या सपाट बाजूत स्क्रू बऱ्यापैकी धरतो, कडेत फारच कमी. स्क्रू गरजेपेक्षा जास्त फिरवला की त्याचे आटे आतल्या चिपा कापून काढतात आणि भोकात नुसता भुसा उरतो. म्हणून स्क्रू घट्ट लागल्याचे हाताला जाणवताच थांबावे. त्यापुढचा अर्धा फेरा फळीचे नुकसानच करतो.

दुसरा शत्रू पाणी. जिल्ह्यात सुमारे बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तलाव आणि पाणी भरलेल्या धानाच्या बांध्या यांमुळे हवाही दमट राहते. पण नुकसान पावसाळ्याची वाट पाहत नाही. एप्रिल-मे महिन्यांत खिडकीतला कूलर रात्रंदिवस चालतो, तो हवेबरोबर ओलही खोलीत सोडतो आणि जाळीतून उडणारे तुषार जवळच्या फळीवर बसतात. बाहेर सगळे करपत असताना झोपायच्या खोलीतली आलमारी मात्र ओल पीत असते. त्यात रोजचा पोछा. फरशी पुसताना ओला कपडा आलमारीच्या खालच्या कडेला घासला जातो, आणि पुष्कळदा ती कड, दिसत नाही म्हणून, कारखान्यातून उघडीच आलेली असते. अठरा मिलिमीटरची फळी तिथे फुगून वीस-बावीसची झाली की सांधे आपोआप उचलले जातात. म्हणून कूलरच्या झोतासमोर असे फर्निचर ठेवू नये, आणि कूलर चालू असताना समोरची एखादी खिडकी किंवा दार उघडे ठेवावे. त्याने ओल बाहेर जाते, शिवाय कूलर गारवाही चांगला देतो.

दुरुस्तीची सुरुवात पेचकसाने करू नये, जमिनीपासून करावी. आपल्याकडच्या फरश्यांना पाणी वाहून जावे म्हणून ढाळ दिलेला असतो. शहाबादी किंवा कोटा फरशीचे सांधे वर-खाली असतात, तर शेणाने सारवलेली जमीन कधीच एका पातळीत नसते. चारपैकी तीनच पाय टेकत असतील तर चांगल्यातली चांगली आलमारीही डुलते, आणि तशीच महिनोन्‌महिने डुलत राहिली की तिचे सांधे मोकळे होतात. तपासणी सोपी आहे. जाडसर पोस्टकार्ड प्रत्येक पायाखाली सरकवून पाहावे. जिथे ते सहज जाते तिथे पोकळी आहे. पायाला फिरवायचा बूट असेल तर तो फिरवून खाली आणावा. नसेल तर प्लायची किंवा प्लास्टिकची पातळ चिप्पी द्यावी. पुठ्ठ्याची घडी घालू नये, ती ओल धरते आणि दबत जाते. पुष्कळ घरांत दुरुस्ती या चिप्पीपाशीच संपते.

जमीन ठीक असूनही आलमारी हलत असेल तर ती काटकोनात आहे की नाही हे बघावे. टेपने मागच्या बाजूचे दोन्ही कर्ण मोजावेत, डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्यापर्यंत आणि मग उलट. दोन्ही मापे सारखी आली पाहिजेत. तीन फूट रुंद आणि सहा फूट उंच आलमारीचा माथा एका बाजूला फक्त एक सेंटिमीटर सरकला, तर दोन कर्णांत सुमारे नऊ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे डोळ्यांना न दिसणारा कलही टेप नेमका दाखवतो. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर सांधे आवळण्याआधी चौकट सरळ करावी लागते. वाकडी असतानाच आवळली तर ती वाकडीच घट्ट होते.

इथे पाठीच्या पातळ पत्र्याचे महत्त्व कळते. आलमारीच्या मागे लावलेली तीन मिलिमीटरची हार्डबोर्ड किंवा एमडीएफची पाठ धूळ अडवण्यासाठी आहे, असा समज सर्वत्र आढळतो. जोडणाऱ्याला घाई असली की तो चार खिळ्यांवर ती भागवतो; घर बदलताना तुटली तर ती टाकूनच दिली जाते. पण आलमारीला ताठ उभे ठेवणारा खरा भाग हाच. चार फळ्यांची नुसती चौकट कोपऱ्यांवर दबून समांतरभुज होऊ शकते. तिच्यावर सलग पत्रा चारी बाजूंनी जखडला की तिला कलायला जागाच राहत नाही. डुलणाऱ्या आलमाऱ्यांमध्ये सर्वाधिक दोष या पाठीत सापडतो आणि सर्वांत स्वस्त उपायही हाच आहे.

पाठ बसवण्याची रीत अशी. आलमारी पूर्ण रिकामी करावी, दारे काढून ठेवावीत. दोघांनी धरून, जमिनीवर सतरंजी अंथरून, ती तोंडावर निजवावी. एकट्याने हे काम करू नये. अर्ध्यावर कललेल्या आलमारीचे सगळे वजन खालच्या दोन सांध्यांवर येते आणि ते तिथेच फाटतात. जुनी पाठ फुगलेली नसेल तर तीच वापरावी. शक्य असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून सहा मिलिमीटरचा प्लाय मापाने कापून आणावा. तो कितीतरी ताठ असतो. मोठा कर्ण ज्या दोन कोपऱ्यांत आहे त्यांवर दोन्ही बाजूंनी हलका दाब देत दोन्ही मापे सारखी करावीत. सुताराचा गुण्या असेल तर एक कोपरा त्यानेही पडताळावा. मग आधी चार कोपऱ्यांत एकेक खिळा, पुन्हा कर्णांचे माप, आणि माप जुळले तरच बाकीचे खिळे. दर दहा-बारा सेंटिमीटरवर एक खिळा हवा, मधल्या आडव्या फळीवरही. खिळा अठरा मिलिमीटर जाडीच्या कडेच्या बरोबर मध्यावर जावा म्हणून बाहेरच्या काठापासून नऊ मिलिमीटरवर पेन्सिलची रेघ मारून घ्यावी. प्लायला खिळ्यांऐवजी पंचवीस मिलिमीटरचे बारीक स्क्रू लावायचे असतील, तर आधी दोन मिलिमीटरचे भोक पाडावे, नाहीतर कड चिरते. पाठ खाचेत सरकवलेली असेल तर खाचेत फेव्हिकॉलची बारीक धार सोडून ती बसवावी.

एवढे झाले की सांधे. जोडणीच्या फर्निचरमध्ये तीन प्रकार नेहमी भेटतात. पहिला मिनिफिक्स. एका फळीत रोवलेली खिळ्यासारखी पिन आणि दुसऱ्या फळीत बसणारी, पंधरा मिलिमीटर व्यासाची जस्ताच्या मिश्रधातूची चकती. चकती साधारण अर्धा फेरा फिरली की तिच्या आतली वक्र खाच पिनेचे डोके ओढून घेते. ती कधीच गोल गोल फिरत राहायची नसते. फिरत राहिली तर पिन पुरेशी आत गेलेली नाही, किंवा चकतीचे घर मोठे झाले आहे. अशा वेळी चकतीचे तोंड पिनेकडे करून फळ्या वेगळ्या कराव्यात, पिन तिच्या खांद्यापर्यंत आत बसवावी आणि पुन्हा जोडून चकती हाताने फिरवावी. ड्रिल मशीनने चकती कधी आवळू नये, तिचा ओठ तुटतो.

दुसरा प्रकार लाकडी डॉवेलचा, म्हणजे आठ मिलिमीटरच्या खिट्टीचा. मिनिफिक्स फळ्यांना फक्त जवळ ओढतो. फळी खाली सरकू न देण्याचे, वजन पेलण्याचे काम या खिट्ट्या करतात. जोडताना दोन-चार खिट्ट्या उरल्या म्हणून त्या खोक्यातच राहिल्या, असे घडते आणि तो सांधा पहिल्या दिवसापासून अधू असतो. फेव्हिकॉल लावून खिट्टी बसवली तर सांधा पुष्कळ पक्का होतो. मात्र चिकटवलेला सांधा पुन्हा सुटत नाही. बदलीची नोकरी असलेल्या घरांनी, मग ती शाळेतली असो, वनखात्यातली की महसुलातली, गोंद लावण्याआधी विचार करावा. त्यांनी खिट्ट्या कोरड्याच ठेवून आतल्या कोपऱ्यात लोखंडी एल पट्ट्या लावलेल्या बऱ्या. या पट्ट्यांना सोळा मिलिमीटरचेच स्क्रू घ्यावेत. वीसचा घेतला तर अठराच्या फळीतून टोक बाहेर येते आणि साडीचा पदर त्यात अडकतो.

तिसरा प्रकार सात मिलिमीटरच्या, रुंद आट्यांच्या जाड स्क्रूचा. तो एका फळीतून आरपार जाऊन दुसरीच्या कडेत शिरतो. तो नुसताच फिरू लागला की भोकातला माल खलास झाला असे समजावे. जास्त लांब स्क्रू ठोकून बसवणे हा उपाय नव्हे, त्याने कड उभी चिरते.

झिजलेले भोक भरणे हे या सगळ्या दुरुस्तीतले खरे कसबाचे काम आहे आणि ते शांतपणे केले तर कोणालाही जमते. भोक लहान असेल, बिजागरीच्या स्क्रूएवढे, तर बांबूची कामटी पुरते. बुरडाकडची एखादी वाळलेली कामटी घ्यावी, चाकूने टोकदार तासावी, फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात हलकेच ठोकावी. शेजारी जागा उरली तर दुसरी, मग तिसरी. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने लगेच टिपावा. चोवीस तासांनंतर कामट्या पटाशीने फळीच्या पातळीत कापाव्यात आणि मधोमध बारीक भोक पाडून मगच स्क्रू लावावा. आगपेटीच्या काड्या लोक वापरतात, पण त्यांचे लाकूड फार मऊ असते आणि महिन्याभरात तीच तक्रार परत येते.

जाड स्क्रूचे भोक असेल तर आधी आतला सगळा सुटा भुसा काढावा. मग दहा मिलिमीटरच्या बिटने ते सरळ मोठे करावे. कडेच्या दोन्ही अंगांना जेमतेम चार-चार मिलिमीटर भिंत उरते, म्हणून फळीला दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या देऊन शिकंजात धरावी. सागाची किंवा दुसऱ्या कठीण लाकडाची दहा मिलिमीटरची खिट्टी गोंद लावून आत बसवावी, एक दिवस थांबावे, आणि खिट्टीत पाच मिलिमीटरचे भोक पाडून जुना स्क्रू परत लावावा. आरा मशीनवर पडलेला सागाचा एक तुकडा अशा अनेक खिट्ट्या देतो. शिकंजा नसेल तर नायलॉनची दोरी चौकटीभोवती गुंडाळून, मध्ये काडी घालून पीळ द्यावा. कोपऱ्यांना पुठ्ठा लावला की थर उचकटत नाही. गोंद वाळेपर्यंत तो पीळ तसाच ठेवायचा.

भोकाभोवतीची फळीच भुसभुशीत झाली असेल तर गोंद पुरत नाही. तिथे दोन भाग एकत्र करून वापरायचे एम-सील किंवा ॲरल्डाइट भरावे. एक गोष्ट मात्र विसरू नये: फेव्हिकॉल लाकडाला धरतो, गुळगुळीत थराला धरत नाही. थर असलेल्या जागी चिकटवायचे असेल तर तो पॉलिश पेपरने घासून खालचा बोर्ड उघडा करावा लागतो.

पलंगाची गोष्ट वेगळी. आलमारी एका जागी उभी असते, पलंगावर रोज माणसे बसतात, उठतात, मुले उड्या मारतात. त्याचा कमजोर भाग म्हणजे बाजूची लांब पट्टी आणि डोक्याकडची फळी यांचा सांधा. तिथे लाकडी फळीत आडवी बसलेली गोल नळीसारखी नट आणि तिच्यात जाणारा सहा मिलिमीटरचा बोल्ट असेल, तर ॲलन कीने तो आवळता येतो. मात्र आधी आडव्या नटचे भोक बोल्टच्या रेषेत आहे का ते पेचकसाने फिरवून जुळवावे. तिथे नुसते स्क्रू असतील आणि ते निसटू लागले असतील, तर पुन्हा स्क्रू लावण्यात अर्थ नाही. फळीतून आरपार भोक पाडून नट-बोल्ट लावावा आणि दोन्ही बाजूंना मोठा, निदान पंचवीस मिलिमीटरचा वॉशर द्यावा. पार्टिकल बोर्ड ओढ सहन करत नाही, दाब मात्र चांगला सोसतो, आणि वॉशर ओढीचा दाब करतो. बोल्टचे डोके दिसेल. ते दिसू द्यावे.

डबल बेडच्या मधल्या पायाकडेही बघावे. तो जमिनीला टेकत नसेल तर सगळा भार बाजूच्या पट्ट्यांवर येतो आणि सांधे फाकतात. खाली विटेचा तुकडा ठेवण्यापेक्षा पायाच्या मापाचा लाकडी ठोकळा स्क्रूने जोडावा, म्हणजे झाडताना तो सरकत नाही. आवाज येत असेल तर एकाने पलंगावर अंग हलवावे आणि दुसऱ्याने खाली हात लावून तो कुठून येतो ते शोधावे. लाकडावर लाकूड घासत असेल तर मेणबत्ती चोळावी, लोखंडावर लोखंड असेल तर मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा. खोबरेल तेल टाकू नये. बोर्ड ते पितो आणि त्यावर धूळ बसते.

दारे आणि ड्रॉवर शेवटी. चौकट सरळ झाली की निम्मी दारे आपोआप जुळतात. उरलेली आतल्या बिजागरीच्या स्क्रूंवर जुळवावीत. पुढचा स्क्रू दार डावे-उजवे करतो, मागचा आत-बाहेर. ड्रॉवर अडत असेल तर चॅनलचे स्क्रू तपासावेत आणि तळाचा पत्रा खाचेतून निसटला आहे का ते पाहावे.

यानंतर उंच आलमारी भिंतीला बांधायची. लहान मूल खालच्या ड्रॉवरवर पाय देऊन वर चढले की हलकी आलमारी त्याच्या अंगावर येते. अमेरिकेत अशा अपघातांमुळे २०२२ साली कपड्यांच्या ड्रॉवरयुक्त कपाटांच्या स्थैर्यासाठी स्वतंत्र कायदाच करावा लागला. विटेच्या भिंतीत आठ मिलिमीटरचे भोक, त्यात प्लास्टिकची गिट्टी आणि माथ्यावर दोन एल पट्ट्या एवढ्याने काम होते. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नये, तिथून वायर गेलेली असते. मातीच्या भिंतीत गिट्टी धरत नाही. तिथे पट्टी लाकडी खांबाला किंवा आढ्याच्या बल्लीला जोडावी. भिंत आणि आलमारी यांत दोन बोटांचे अंतर ठेवून मध्ये लाकडी ठोकळा द्यावा, म्हणजे पावसाळ्यात मागे हवा खेळते आणि उधई लागली तर मातीची रेघ वेळीच दिसते.

गोंदाचे काम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत काढावे. पावसाळ्यात गोंद वाळायला फार वेळ घेतो आणि फळीही ओली असते. उन्हाळ्याच्या भर दुपारी तो जोडायच्या आतच साय धरतो. दुरुस्ती झाल्यावर खालच्या सगळ्या उघड्या कडांना ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत आणि आलमारी दोन इंचांच्या पीव्हीसी पायांवर किंवा ग्रॅनाइटच्या पट्ट्यांवर उचलून घ्यावी. प्रत्येक मोठ्या स्क्रूच्या डोक्यावरून फळीपर्यंत पेन्सिलची एक बारीक रेघ ओढून ठेवावी. सहा महिन्यांनी ती रेघ मोडलेली दिसली तर तोच स्क्रू सैल झाला आहे; बाकीच्यांना हात लावायचे कारण नाही. दिवाळीच्या साफसफाईत आलमारी ओढू नये, रिकामी करून उचलावी. एका ओढीत जेवढे सांधे सैल होतात तेवढे वर्षभराच्या वापराने होत नाहीत.

बुडाशी फुगलेली फळी वाळवली तरी मूळ जाडीला येत नाही. फुगवटा दोन इंचांच्या आत असेल तर तेवढा भाग दोन्ही बाजूंनी सारखा कापून खाली सागाची किंवा प्लायची चौकट द्यावी. त्याहून वर चढला असेल तर ती फळी बदलावीच लागते.